तिसरा ट्रॅक, एकोणीस मिनिटं

डलूथमध्ये, गळांच्या दुकानावर माझी खोली.
खाली जिवंत किड्यांचा फ्रिज घरघरतो,
म्हणून मास्टरिंग मी रात्री करते.
फ्रिज मालक बंद करू देत नाही,
पण रात्री निदान त्याचं दार कुणी आपटत नाही.

परवा कोस्कीच्या बँडचा अल्बम आला. ‘डॉक नंबर सहा’.
चौघे जण, त्यातलं एक यंत्र.
यंत्राला ते माणसांतच धरतात,
पैसे मात्र तिघांत वाटतात.

नाइफ रिव्हरच्या जुन्या हेरिंग-शेडमध्ये
जानेवारीत, एका दमात वाजवलेलं.
आधी ठरलेलं काही नाही. यंत्र ठेका लावून देतं,
डेलफीनचा सिंथ काचेवर वाफ धरावी तसा जमत जातो,
मार्सेलचा बास दोनच सुरांवर ठाण मांडतो,
आणि ड्रमवर कोस्की, यंत्राच्या मागेपुढे,
म्हातारा कुत्र्याला फिरवायला नेतो तसा,
कधी ओढत, कधी ओढला जात.

सातव्या मिनिटाला वीज जाते.

सरोवरावरून आलेलं वादळ. सिंथ गेला, बास गेला,
यंत्र अर्ध्या मात्रेत गप्प.
बॅटरीवरचा एक रेकॉर्डर तेवढा जागा,
आणि कोस्की.
थांबायला हवं होतं त्यानं. थांबला नाही.
मार्सेल कशावर तरी बोटं वाजवतो,
बहुधा माशांच्या खोक्यावर.
डेलफीन एकदा हसते, मग हसत नाही.
पाच मिनिटं.

वीज येते. यंत्राला मधलं काही आठवत नाही.
ते सुरू होतं मिनिटाला एकशेवीसवर,
कारखान्यानं पोटात भरून दिलेला आकडा.
कोस्की तेव्हा एकशेआठवर.
जिन्याची एक पायरी जास्त समजून पाय टाकावा
तसे दोघे आपटतात,
आणि मग बत्तीस आवर्तनं तो चढत राहतो,
इतक्या हळू की कुठल्याच मात्रेवर बोट ठेवता येत नाही,
आणि सम येते.
यंत्राला पत्ता नाही.
शेडमध्ये कुणीतरी ओरडतं. ते मी पुसलेलं नाही.

लेबलवाल्यांची चिठ्ठी होती: मधली गडबड सरळ करून दे.
अर्ध्या तासाचं काम, एकेक ठोका माऊसनं धरून
रेघेवर नेऊन बसवायचा.
केलं. ऐकलं.
शेड रिकामी वाटली.
परत होतं तसं केलं.

इचलकरंजीत तेव्हा सकाळ.
बाबा, चाळीस वर्षं यंत्रमागांचे जॉबर,
फोन उजव्या कानाला लावतात,
डावा मागांनी घेतला.
“हे ऐका जरा,” एवढंच म्हटलं,
आणि अंधारातली पाच मिनिटं लावली.
वीज गेली की आमची गल्ली एकदम बहिरी व्हायची,
बाबा कारखान्याच्या दारात येऊन उभे,
मांडीवर बोटं चाललेली,
धोटा इकडे, धोटा तिकडे.
मला वाटायचं, खाजवतायत.

ऐकून झाल्यावर म्हणाले,
“माणूस बरा आहे. पट्टा सैल आहे त्याचा.
खालच्या अंगाला. चौथ्या ठोक्याला घसरतोय.”

कोस्कीला विचारलं.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
पायाच्या पेडलचा पट्टा, मॅडिसनच्या कार्यक्रमापासून.
टेप गुंडाळलीय.
तुला कुणी सांगितलं?

मी लेबलला लिहिलं, तिसरा ट्रॅक आहे तसाच जातोय,
एकोणीस मिनिटं चार सेकंद.
कोस्कीला लिहिलं, पट्टा बदल.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. स्वतःहून ते कधी करत नाहीत,
परदेशचं बिल येतं म्हणतात अजून.
जेवलीस का नाही, बर्फ किती नाही,
एकदम म्हणाले,
“त्या माणसाची वीज आली का मग?”

वीज गेल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.